पत्ता कुणाला, कशासाठी?

‘ताई, मोबाइल नंबर सांगा.’ साडीचं दुकान असो, चष्म्याचं असो की औषधाचं, बिल करणारा मुलगा मान वर न करता हे विचारतो. आपणही पर्समधून पैसे काढता काढता दहा आकडे म्हणून दाखवतो. मागे उभ्या असलेल्या चौघांनाही ते ऐकू जातात. आता नंबराच्या पाठोपाठ ‘ईमेल आहे का?’ हाही प्रश्न येऊ लागला आहे. दारात आलेल्या अनोळखी माणसाला ‘कोण पाहिजे?’ असं विचारल्याशिवाय आपण कडी काढत नाही. पण दुकानात ‘नंबर कशाला हवा?’ असं विचारणं मात्र आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. मैत्रिणींनो, आज याच संकोचाबद्दल बोलायचं आहे.

आमचं खारबाव हे भिवंडी तालुक्यातलं, दिवा-वसई रेल्वेमार्गावरचं गाव. भिवंडी म्हटलं की पूर्वी यंत्रमागांची खडखड आठवायची, आता गोदामंही आठवतात. ऑनलाइन खरेदीचा कितीतरी माल या गोदामांतून घरोघरी जातो. आसपासच्या गावांतल्या लेकी-सुना तिथे पॅकिंगच्या कामाला जातात. त्या खोक्यावर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर नाव, घराचा पत्ता, कधी फोन नंबरही. सामान घरात आलं की आपण खोकं भंगारवाल्याला देऊन टाकतो, कागदासकट! कचऱ्यात टाकतानासुद्धा आपण वीजबिल फाडतो, पण खोक्यावरचं आपलंच नाव आपल्याला दिसत नाही. बचत गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, ‘अहो, आपल्यासारखीचा नंबर घेऊन कोण काय करणार? आपल्याकडे आहे काय?’

हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. एकट्या बाईच्या नंबराला बाजारात फारशी किंमत नसते. किंमत असते यादीला. आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि ७०० हून अधिक जणांना ताब्यात घेतलं. तिथली तरुण मुलं-मुली रात्री अमेरिकेत फोन लावायची, ‘मी आयकर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकला आहे, आत्ता भरा नाहीतर अटक होईल’ असं धमकावायची. अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याच महिन्यात अशाच कॉल सेंटरांच्या जाळ्यावर मोठा खटला दाखल केला. त्यातल्या आरोपपत्रानुसार, फसवल्या गेलेल्या लोकांची माहिती याद्या विकणाऱ्या दलालांकडूनही घेतलेली होती. म्हणजे कुणीतरी कधीतरी कुठल्यातरी अर्जात लिहिलेला नंबर विकत विकत सात समुद्र पार करून आपल्या शेजारच्या मीरा रोडला आला होता. अमेरिकेतली माणसं यादीत होती, तसे आपणही कुठल्या ना कुठल्या यादीत असतोच.

दुसरं उदाहरण तर थेट आपल्या जिव्हाळ्याचं. २०१७ च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशातल्या मोबाइल रिचार्जच्या दुकानांबद्दल बातम्या प्रसिद्ध झाल्या. रिचार्ज करायला आलेल्या मुलींचे नंबर काही दुकानदार टवाळखोरांना विकत होते. भाव ५० रुपयांपासून ५०० रुपयांपर्यंत आणि तो ठरायचा मुलीच्या दिसण्यावरून! अशा मुलीला घरून काय ऐकावं लागतं, ते आपल्याला ठाऊक आहे. ‘तुझाच नंबर त्याच्याकडे कसा आला? तूच दिला असशील.’ मग फोन काढून घेतला जातो, कधी कॉलेजही बंद होतं. चोरी दुकानदाराची आणि शिक्षा मुलीला. म्हणून ‘आपल्याकडे आहे काय?’ या प्रश्नाचं उत्तर असं, की आपल्याकडे आपली अब्रू आहे, आपलं शिक्षण आहे आणि घरातला आपल्यावरचा विश्वास आहे.

मग कायदा काय करतो? कायदा हळूहळू का होईना, पुढे सरकला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हा खटला लढणारे न्यायमूर्ती पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम जाहीर झाले.

या कायद्यात एक गंमत आहे. आजवरच्या कायद्यांत माणूस म्हणजे ‘तो’ असायचा. या कायद्यात पहिल्यांदाच माणसासाठी सगळीकडे ‘ती’ हे सर्वनाम वापरलं आहे; पुरुषाने ते स्वतःलाही लागू आहे असं समजायचं. कायद्याचं म्हणणं थोडक्यात असं: माहिती मागणाऱ्याने ती कशासाठी हवी ते स्पष्ट सांगावं, गरजेपुरतीच मागावी आणि दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता यावी. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी आपल्याला हव्या त्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याचा आपल्याला हक्क आहे. कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे. घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने एका बाईकडे तिच्या फोनमधली सगळ्यांच्या नंबरांची यादीही मागितली आणि तिने ‘हो’ म्हटलं, तरी तो होकार फक्त उपचारापुरताच धरायचा. कारण औषध सांगायला तिच्या नणंदेचा नंबर लागत नाही! (नणंद माझी, बाकी उदाहरण कायद्याचं.) चुकणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दुकानदारांच्या बाबतीत तर मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने बजावलं होतं की ग्राहकाच्या मोबाइल नंबरासाठी अडून बसू नका. तेव्हा ‘नंबर देणार नाही, बिल द्या’ असं म्हणण्यात उद्धटपणा नाही.

पण कायदा आला म्हणजे रात्रीतून सगळं बदललं, असं होत नाही. हुंड्याविरुद्धचा कायदा १९६१ चा आहे, हे आपल्याहून अधिक कुणाला ठाऊक असणार? या नव्या नियमांतल्या बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना नोव्हेंबर २०२५ पासून अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. शिवाय सरकारी यंत्रणांना बऱ्याच बाबतींत सूट आहे, त्यावर टीकाही झाली. आणि मुदत संपली तरी तक्रार करायची तर माझा पत्ता कुणी फोडला, हे मला दाखवता आलं पाहिजे ना! पन्नास ठिकाणी एकच पत्ता दिला असेल तर बोट कुणाकडे दाखवणार? इथेच ती युक्ती कामाला येते, जिला इंग्रजीत ‘एलियस’ म्हणतात. आपण तिला ‘टोपण पत्ता’ म्हणू या.

टोपणनाव आपल्याला नवीन नाही. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातलं त्यात इतकं उघड लिहिलं होतं की मोठी खळबळ उडाली. ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या मालतीबाई बेडेकर. टोपणनावामुळे पुस्तक लोकांपर्यंत पोचलं, पण लोक त्यांच्या दारापर्यंत पोचले नाहीत. वर्तमानपत्रांतल्या ‘वधू-वर पाहिजे’च्या जाहिराती आठवा. तिथे मुलीच्या घरचा पत्ता नसायचा, ‘बॉक्स नंबर अमुक’ एवढंच असायचं. स्थळाचं पत्र वर्तमानपत्राच्या कचेरीत यायचं आणि तिथून मुलीच्या वडिलांकडे. आज मात्र त्याच मुलीचा बायोडाटा जन्मवेळ, पगार, घरचा पत्ता आणि आईच्या नंबरासकट व्हॉट्सॲपवरून पन्नास ग्रुपांत फिरतो. आपली आधीची पिढी याबाबतीत जास्त सावध होती, असं म्हटलं तर वावगं ठरू नये.

ईमेलमधला टोपण पत्ता म्हणजे तोच बॉक्स नंबर. पत्र टोपण पत्त्यावर येतं आणि आपल्या खऱ्या पेटीत पडतं. ‘पण माझं ईमेल कुठे आहे?’ असं म्हणू नका. अँड्रॉइड फोन घेऊन त्यात ॲप टाकली असतील, तर गूगलचं खातं बहुधा आहेच. फोनच्या दुकानदाराने, भाच्याने नाहीतर अर्ज भरून देणाऱ्या केंद्रातल्या मुलाने ते काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड त्याच्याच वहीत असतो. म्हणून पहिलं काम हे, की तो पासवर्ड बदलून आपल्या हातात घ्यायचा. किल्ली दुसऱ्याकडे असेल तर कुलूप कितीही चांगलं असून उपयोग काय?

आता युक्ती. समजा, तुमचा जीमेलचा पत्ता ‘सुनंदा’ या नावाने सुरू होतो. दुकानात पत्ता देताना नावाच्या पुढे अधिकचं चिन्ह काढायचं आणि त्या दुकानाची खूण लिहायची. ‘सुनंदा+कापड’, पुढे नेहमीसारखं ॲट जीमेल डॉट कॉम, सगळं इंग्रजी अक्षरांत. वेगळं खातं काढावं लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही, पैसे पडत नाहीत. मुलाच्या क्लाससाठी ‘सुनंदा+क्लास’, गॅससाठी ‘सुनंदा+गॅस’. सगळी पत्रं येतात एकाच पेटीत, पण प्रत्येकावर लिहिलेलं असतं की ते कुठल्या नावाने आलं. फोनवर कुणी तुम्हाला ‘बेबी’ म्हणून हाक मारली तर तो माहेरचा फोन आणि ‘काकू’ म्हटलं तर इथल्या आळीतला, हे आवाज ओळखण्याआधी कळतं ना? तसंच हे.

याचा मला आलेला अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी कल्याणला एका कपड्यांच्या दुकानात सवलतीचं कार्ड केलं, तेव्हा असाच खुणेचा पत्ता दिला होता. तो मी दुसरीकडे कुठेच दिला नव्हता. चार महिन्यांनी त्या पत्त्यावर प्लॉटविक्रीची आणि झटपट कर्जाची पत्रं यायला लागली. मी दुकानात गेले. व्यवस्थापक म्हणाले, ‘आमच्याकडून जाणं शक्यच नाही.’ मी फोन पुढे केला आणि खूण दाखवली. ते थोडा वेळ पाहत राहिले, मग त्यांनी माझी नोंद काढून टाकली. दुकानाने यादी विकली की त्यांच्याकडून कुणी चोरली, हे मला आजही माहीत नाही. पण कुठल्या दारातून गेली, ते कळलं. पत्रं पाठवणारे थांबले नाहीत. मग मी जीमेलमध्ये एक चाळणी लावली, त्या खुणेच्या पत्त्यावर येणारं सगळं परस्पर कचऱ्यात. खरा पत्ता एकच असता, तर तोच बदलायची वेळ आली असती.

या युक्तीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. काही अर्ज अधिकचं चिन्ह स्वीकारतच नाहीत. शिवाय ते चिन्ह आणि खूण पुसली की खरा पत्ता उघडा पडतो, म्हणून ही खूण आहे, पडदा नव्हे. खरा पडदा हवा असेल तर त्याचीही सोय आहे. ॲपलच्या फोनमध्ये ‘हाइड माय ईमेल’ आहे. फायरफॉक्सची ‘रिले’ आणि डकडकगोची ईमेल सेवा आहे. या सेवा आपल्याला भलताच, नावाशी संबंध नसलेला पत्ता बनवून देतात आणि त्यावर आलेलं पत्र आपल्याकडे पोचवतात. त्रास व्हायला लागला की तेवढा पत्ता बंद करायचा. तेवढी खटपट नको असेल, तर सरळ जीमेलचं दुसरं खातं काढून ते बाजारहाटासाठी ठेवायचं. अंगणातली चप्पल वेगळी आणि लग्नाला जायची वेगळी, एवढं साधं आहे हे.

एका मैत्रिणीने विचारलं, ‘हे खोटं बोलणं नाही का?’ नाही. पत्र आपल्यालाच पोचतं, आपण दुसरी कुणी असल्याचं सोंग घेत नाही. नव्या कायद्यानेही आपल्यावर काही कर्तव्यं टाकली आहेत. दुसऱ्या व्यक्तीचं नाव घेऊन माहिती द्यायची नाही आणि सरकारी ओळखपत्रासाठी, पत्त्याच्या दाखल्यासाठी महत्त्वाची माहिती लपवायची नाही. ती मोडली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून बँक, आधार, पासपोर्ट, शाळा-कॉलेजचे प्रवेश, स्पर्धा परीक्षा, दवाखाना या ठिकाणी एकच कायमचा खरा पत्ता द्यावा. तिथे टोपण पत्ता दिला आणि पुढे तो बंद पडला, तर मुलीच्या परीक्षेचं प्रवेशपत्रच हरवायचं.

आपला खरा ओळखपत्ता मात्र ईमेल नसून मोबाइल नंबर आहे. त्याला खूण लावता येत नाही. पण दुसऱ्या ठिकाणी टोपणाची सोय आहे आणि ती सरकारनेच केलेली आहे. आधारचा १२ आकडी क्रमांक देण्याऐवजी १६ आकडी ‘आभासी क्रमांक’ काढता येतो; ही सोय २०१८ पासून आहे आणि हा क्रमांक पाहिजे तेव्हा बदलता येतो. झेरॉक्स द्यायचीच असेल तर ‘मास्क्ड’ आधार निघतं, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. मोबाइलवरून पैसे देताना अनेक ॲपमध्ये आपला नंबरच आपल्या यूपीआय आयडीचा भाग असतो. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला तो सहज दिसतो. बऱ्याच ॲपमध्ये दुसरा आयडी करून घेता येतो, तो करावा.

जाहिरातींच्या फोनांसाठी १९०९ या क्रमांकावर फोन करून ‘डीएनडी’ नोंदवावं. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर नको असलेल्या फोनची किंवा संदेशाची तक्रार तीनऐवजी सात दिवसांपर्यंत करता येते आणि नोंदणी नसलेल्या नंबरावरून त्रास झाला असेल तर आधी डीएनडी केलेलं असण्याचीही अट उरलेली नाही. बँका आणि विमा कंपन्यांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवले आहेत. तेव्हा साध्या दहा आकडी नंबरावरून कुणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणालं तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला कळवावं. जितका उशीर, तितके पैसे लांब.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, चोर मोकळे आणि कुलपं आम्हीच लावायची? रास्त प्रश्न आहे. रात्री उशिरा बाहेर जाऊ नका, असं मुलींनाच सांगणाऱ्या समाजासारखंच हे झालं. म्हणून टोपण पत्ता म्हणजे लपून बसण्याची जागा, असं मला वाटत नाही. माझ्या मते तो एक हिशेब आहे. बचत गटाच्या वहीत कुणाला किती दिले, कधी दिले, कशासाठी दिले, याची नोंद आपण दहा रुपयांसाठीही ठेवतो. ती नोंद असते म्हणून वसुली होते, म्हणून बँक आपल्याला मानाने खुर्ची देते. आपल्या नावा-पत्त्याचीही अशी नोंद असेल तर उद्या कायद्याच्या दारात आपण रिकाम्या हाताने जाणार नाही. ‘मला त्रास होतो’ असं रडगाणं नव्हे, ‘अमुक तारखेला अमुक दुकानाला दिलेला पत्ता बाहेर गेला आहे, खुलासा करा’ असं आपण विचारू शकू.

आणि हाच नियम माहिती मागणाऱ्यांनाही लावला पाहिजे. त्यात दुकानं, क्लास, दवाखाने आले, तशा आपल्या महिला मंडळांच्या हळदीकुंकवाच्या नोंदवह्याही आल्या. वाणासाठी नाव पुरेसं आहे. तिथे जन्मतारीख आणि नंबराचे रकाने कशाला? शिबिरासाठी घेतलेल्या आधारच्या झेरॉक्स काम झालं की परत द्याव्यात नाहीतर फाडाव्यात. मोठ्या कंपन्यांना दिल्लीतून विचारणा होईल तेव्हा होईल, गावातल्या रकान्यांना तर आपण आजच विचारू शकतो.

या आठवड्यात तीन कामं करू या. ईमेलचा पासवर्ड आपल्या हातात घ्यायचा. नव्या ठिकाणी पत्ता देताना खूण लावून द्यायचा. आणि दुकानात नंबर मागितला की हसून, पण स्पष्टपणे विचारायचं, ‘कशासाठी हवा?’ पहिल्यांदा जीभ अडखळेल. मग काउंटरवरच्या मुलालाही सवय होईल आणि आपल्या मागे उभी असलेली कुणाची तरी लेक ते ऐकून शिकेल.